जागा दाखवणारे काका

पुण्यात कुणी "चला, तुम्हाला एक जागा दाखवतो" म्हणालं की ऐकणारा आधी चौरस फुटाचा भाव विचारतो. आमच्या इमारतीत तसं होत नाही. आमच्याकडे हे वाक्य दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं आहे, आणि ते कानावर आलं की माणसं गॅसवर दूध ठेवलंय म्हणून जिना उतरू लागतात. काकांची जागा गाण्यातली. गवयाने एखादा स्वर असा काही लावला, एखाद्या हरकतीला अशी काही मुरड घातली, की बैठकीतून आपसूक "अहाहा" निघालं, तर ती जागा. काकांच्या वहीत अशा चारशे बारा जागा आहेत, अनुक्रमांकासहित. ही सगळी मिळून जागा किती होते, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी हिशेब केला. सव्वीस मिनिटं.

ही जात काकांपासून सुरू झालेली नाही. प्रत्येक मैफलीत असा एक असतो. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी पहिल्या तीन रांगांत एक तरी येऊन बसला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. समेच्या अर्धी मात्रा आधी याचा हात वर जातो. सम गवयाने आणली की याने, असा शेजारच्याला प्रश्न पडावा. तान निघाली की हा आपल्या गुडघ्यावर थाप मारतो. स्वतःच्या नव्हे, आपल्या. "आता ऐका. आता येईल बघा." आणि ती आली की हा गवयाकडे बघत नाही, आपल्याकडे बघतो. आपला चेहरा पुरेसा उजळला नाही तर मध्यंतरात त्याची चौकशी होते.

प्रत्यक्ष मैफलीत मात्र या माणसाची मोठी अडचण असते. गवयाला मागे नेता येत नाही. एकदा काकांच्या शेजारी बसलो असताना त्यांचा अंगठा मांडीवर पुन्हा पुन्हा दाबला जाताना मी पाहिला आहे. रिवाइंडचं बटण शोधत होता तो.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. डायल फिरवला की एक्स्चेंजमधले सिलेक्टर टकटक करत पायऱ्या चढायचे, त्या काळातले. ड्युटी रात्रीची असली तर दिवसा कॅसेटी कॉपी करायच्या आणि ड्युटी दिवसाची असली तर रात्री. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. ख्याल ऐन भरात यावा आणि बटण खटकन वर यावं, हे ठरलेलं. कॅसेट उलटी करून लावेपर्यंत जे काही गायलं गेलं ते कायमचं गेलं, आणि काकांच्या मते त्या पिढीतल्या सगळ्या थोर जागा नेमक्या त्या दहा-दहा सेकंदांत पडून आहेत. या विषयावर ते बोलू लागले की मधे बोलू नये.

पुढे सगळ्या कॅसेटी संगणकात शिरल्या. तीन तासांची बैठक, एक फाइल, मधे उलटवणं नाही. काकांना स्वर्ग दोन बोटं उरायला हवा होता. पण आता निराळंच दुःख सुरू झालं. गाणं वाजवायच्या खिडकीत खाली एक पट्टी असते, तिच्यावरची गोळी सरकवायची. काकांनी पट्टी मोजली. पंधरा सेंटिमीटर. तीन तास भागिले दीडशे मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला बहात्तर सेकंद. "माझा हात दोन मिलिमीटर थरथरतो," काका म्हणाले. "म्हणजे जवळजवळ अडीच मिनिटं! एवढ्यात द्रुत सुरू होऊन जाते."

अशा अवस्थेत त्यांचा भाचा सुटीला आला. तो ध्वनीचं काहीतरी शिकतो. त्याने काकांना प्युअर डेटा नावाचा प्रोग्रॅम दाखवला. त्यात लिहायचं फार थोडं. कोऱ्या पानावर छोट्या छोट्या चौकटी मांडायच्या, प्रत्येक चौकटीचं काम वेगळं, आणि एकीच्या खालून दुसरीच्या वर तार ओढायची. चौकटीच्या नावापुढे नागमोडी शेपटी असेल तर त्या तारेतून आवाज वाहतो, नसेल तर नुसते आकडे आणि निरोप. हे सगळं मिळून झालं ते पॅच. भाच्याने दोन चौकटी जोडून एक सूर काढून दाखवला. काका सुराकडे लक्ष न देता तारेकडे बघत होते.

"अरे, हा तर एमडीएफ!" ते ओरडले.

टेलिफोनवाल्यांना सांगायला नको. गावभरच्या तारा जिथे एक्स्चेंजला येऊन मिळतात ती लोखंडी चौकट म्हणजे एमडीएफ. इकडची लाइन तिकडच्या नंबराला जोडायला तिथे जी तार टाकतात तिला जंपर म्हणतात. काकांनी तीस वर्षं जंपर टाकले होते. निवृत्त झाल्यावर ज्या वस्तूची आठवण येते असं ते कुणाला कबूल करणार नाहीत, ती वस्तू पडद्यावर उघडली होती. त्यात भाच्याने आणखी तेल ओतलं. संगणकाकडून संगीत वाजवून घेण्याचा अगदी सुरुवातीचा एक प्रोग्रॅम १९५७ साली मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिला तो अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये, म्हणजे टेलिफोन कंपनीच्याच प्रयोगशाळेत. त्यावर वाजलेली पहिली रचना सतरा सेकंदांची. पुढे १९८०च्या दशकात पॅरिसमधल्या इरकाम या संस्थेत मिलर पकेट यांनी तारा जोडायचा प्रोग्रॅम केला, त्याला मॅथ्यूज यांच्यावरून 'मॅक्स' नाव दिलं, आणि १९९०च्या दशकात त्याच पकेट यांनी प्युअर डेटा काढून सगळ्यांना फुकट देऊन टाकला. काकांनी यातलं एवढंच ठेवून घेतलं: टेलिफोन, सतरा सेकंद, फुकट. "सतरा सेकंद!" ते मला जिन्यात म्हणाले. "त्या माणसाला जागा म्हणजे काय ते कळत होतं."

भाचा परत गेला आणि मी सापडलो. मी संगणकात आहे, एवढा गुन्हा आमच्या सोसायटीत पुरतो.

ज्या जागेसाठी हे सगळं रामायण झालं ती आता सांगायला हवी. अनुक्रमांक एक. पुण्यातल्या एका वाड्यात झालेली खासगी बैठक. बुवा कोण ते काका सांगत नाहीत. संग्रह करणाऱ्यांमध्ये असं एकदम नाव सांगण्याची पद्धत नाही. ध्वनिमुद्रण काकांचं नाही. कुणीतरी केलं, त्याची प्रत कुणी घेतली, त्या प्रतीची प्रत नागपूरला गेली आणि तीस वर्षांनी तिथल्या एका स्नेह्याने फाइल करून पाठवली. त्यामुळे त्यात बुवांइतकीच फीतही गाते. त्या बैठकीला काका स्वतः हजर होते. राग मारवा. मारव्यात पंचम नाही, आणि षड्ज असून नसल्यासारखा. गाणारा कोमल रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, षड्जाच्या दारापर्यंत येतो आणि बाजूने निघून जातो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. बुवांनी त्या रात्री हा षड्ज बावीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद टांगून ठेवला होता आणि मग दिला.

तर ही जागा म्हणजे एक षड्ज. नुसता सा.

काका पाहुण्याला खुर्चीत बसवतात. पाण्याचा पेला देतात. "आता ऐका," म्हणतात. कळ दाबतात. स्पीकरमधून "सा" येतो, चार सेकंद. कळ पुन्हा दाबली जाते. काका पाहुण्याकडे बघतात. पाहुणा काकांकडे बघतो. पाहुणा सभ्य असला तर "वा" म्हणतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे जोशी सभ्य नाहीत. ते म्हणाले, "हा सा आहे ना?"

मीही एकदा काकांना म्हणालो होतो की काका, मागची बावीस मिनिटं नसतील तर तो सा कुठल्याही पेटीतून निघतो. त्यावर त्यांनी मला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा दाखला दिला. तीन-साडेतीन मिनिटांत ते लोक अख्खा राग मांडत होते की नाही? गौहरजाननी १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हा त्यांना बावीस मिनिटं कोण देत होतं? केसरबाईंची तर साडेतीन मिनिटं १९७७ साली व्हॉयेजरवरून अंतराळात गेली, तिथल्यांनी आधीचा आलाप मागितला का? मुद्दा खोटा आहे. तबकडीवाल्यांनी तीन मिनिटांचं गाणं रचलं होतं, तीन तासांतून तीन मिनिटं कापली नव्हती. पण अंतराळातल्यांचा विषय निघाल्यावर मी गप्प बसलो.

पॅचच्या कामाला लागल्यावर पहिल्या संध्याकाळी मशीनने मारवा ओळखला नाही. काकांच्या फाइलींची नावं लांबलचक आणि शब्दांत मोकळ्या जागा सोडून. प्युअर डेटा मोकळी जागा आली की नाव संपलं असं समजतो. "मारवा नावाची फाइल सापडत नाही," असा निरोप आला. काका खुर्चीतून अर्धे उठले. "मारवाच नाही म्हणतो!" नावातल्या जागा काढून टाका, असं मी सांगितलं. जागा काढणं त्यांच्या जिवावर आलं, पण काढल्या.

मग साउंडफाइलर नावाच्या चौकटीला फाइल दिली. ती अख्खा आवाज उचलून संगणकाच्या स्मृतीत एका लांबलचक रांगेत मांडते. मांडला. वाजवला. तानपुरे जुळले, तबल्यावर हातोडी पडली, बुवा खाकरले, संपलं. दीड मिनिट. सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर नमुने असतात, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ही चौकट चाळीस लाख नमुन्यांच्या पुढे घेत नव्हती. मर्यादा वाढवायची तर तसं लिहावं लागतं. काकांनी ती एवढी वाढवली की तीनही तास आत यावेत. एका चॅनेललाच पावणेचार जीबीच्या आसपास स्मृती लागणार होती. लॅपटॉपजवळ सगळी मिळून चार. तो जो गोठला तो दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॅटरी काढली तेव्हा सुटला. काकूंनी त्यावर रात्रभर दह्याचं विरजण ठेवलं होतं. छान लागलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

रीडएसएफ नावाची दुसरी एक चौकट असते. ती फाइल स्मृतीत घेत नाही, डिस्कवरून वाचत वाचत वाजवते, मग फाइल कितीही लांब असो. अमुक नमुन्यापासून सुरू कर म्हटलं तर तिथून सुरू करते. पण हळू वाजव, उलटं वाजव, इथून पाव पाऊल मागे ये, यातलं काही नाही. दर वेळी थांबवा, फाइल पुन्हा उघडा, पुन्हा सुरू करा. मला ती चौकट आवडते. काकांनी तिचं नाव 'कारकून' ठेवलं आणि तिला पानाच्या कोपऱ्यात बसवून टाकलं.

शेवटी पहिला अर्धा तासच स्मृतीत घ्यायचा असं ठरलं. षड्ज त्यातच होता. पडद्यावर आवाजाचा आलेख उमटला: डोंगर, दऱ्या, मधे सपाटी. काकांनी षड्ज कानाने शोधला नाही, डोळ्यांनी शोधला. एक मोठा रुंद डोंगर दिसला, तो षड्ज. त्याच्या अलीकडे दोन बारकी टेकाडं होती. "ही काय?" मी विचारलं. "कुणीतरी खोकलं असेल," म्हणून त्यांनी रेघ बरोबर डोंगराच्या पायथ्याशी आणून ठेवली. जागेचा आकडा निघाला सहा कोटी वीस हजार शंभर. प्युअर डेटा एवढा आकडा सरळ दाखवत नाही; तो ६.००२०१ई+०७ असा दाखवतो. काकांनी रेल्वेचं आरक्षण असावं तसा तो वहीत उतरवून घेतला.

आकडा दिला, कळ दाबली, आणि बुवांचा सा घोगरा आला. सर्दी झाल्यासारखा, वर बारीक खरखर. दहाव्या सेकंदाजवळ वाजवलं तर आवाज स्वच्छ. बावीस मिनिटांपलीकडे फाटका. काका दोन दिवस जेवले नाहीत असं मी म्हणणार नाही, पण दुसऱ्यांदा आमटी घेतली नाही. कारण शोधायला मला वेळ लागला. प्युअर डेटाचा आकडा बत्तीस बिटांचा असतो. त्यात एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळापर्यंत एक-एक करून नीट मोजता येतं. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एवढे नमुने सहा मिनिटं वीस सेकंदांतच संपतात. त्यापुढे आकडा दोन-दोनच्या उड्या मारतो, पावणेतेरा मिनिटांच्या सुमाराला चार-चारच्या. म्हणजे बुवांच्या षड्जातला एक नमुना घ्यायचा, तोच चारदा वाजवायचा, मधले तीन गाळायचे. कुणाचाही घसा बसेल.

यावर उपाय रांगेतले नमुने वाचून वाजवणाऱ्या टॅबरीड-४ नावाच्या चौकटीतच असतो. टॅबरीड-४ ला दोन दारं. डावीकडून बदलता आकडा आत जातो. उजवीकडे मूळ पत्ता एकदाच सांगून ठेवता येतो, की इथून पुढे मोज. मग डावीकडे छोटे आकडे पुरतात आणि छोट्या आकड्यांत अपूर्णांकसुद्धा शाबूत राहतात. हे काकांना कसं समजवावं या विचारात मी होतो. अर्धं वाक्य झालं नसेल.

"एसटीडी कोड!" काका म्हणाले. "उजवीकडे कोड, डावीकडे नंबर. पुण्यातल्या पुण्यात बोलायला शून्य वीस लावत बसतो का कुणी?"

मी संगणकाचं शिक्षण घेतलं आहे. मला इतक्या स्वच्छपणे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर काकांना आवरणं कठीण झालं. एका जागेवरून दुसरीवर उडी मारली की "टक्" असा आवाज येई, कारण लाट अर्ध्यात तुटते. उडीआधी दहा मिलिसेकंदांत आवाज उतरवायचा आणि उडीनंतर तेवढ्यातच चढवायचा, असं केलं की टक् जातं. घालवल्यावर काकांना चुकचुकल्यासारखं झालं. एक्स्चेंजमध्ये टक् झालं की लाइन लागायची. पानावर चौकटी वाढल्या. तारांचा असा गुंता झाला की भाच्याने त्याचं चित्र पाहून हे काय आहे असं विचारलं, आणि काकांनी अभिमानाने "शिवाजीनगर" असं उत्तर पाठवलं. मग त्यांनी फेज व्होकोडर बसवला. त्याने सूर न बदलता वेळ ताणता येतो. हवं तर वेळ अजिबात थांबवता येतो. काकांनी षड्जाच्या मध्यावर वेळ थांबवला आणि हात जोडून बसले. सा तसाच, श्वास नाही, शेवट नाही. सात मिनिटांनी काकू स्वयंपाकघरातून आल्या, फ्रिजला कान लावला आणि मेकॅनिकला फोन केला.

एवढं सगळं होऊनही ती बैठक पहिल्यापासून आम्ही कुणी ऐकलेली नव्हती. काकांनीही नाही. ते म्हणत, "ऐकायची आहे रे, एकदा पॅच नीट झाला की."

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी काकांनी मला आणि जोशींना बोलावलं. काकू मटार सोलत होत्या. काकांनी तपासणी म्हणून कारकुनाला फाइल दिली, नुसती सुरुवात वाजते का बघायला. माउसने कळ दाबली, तानपुरे सुरू झाले, आणि माउस मेला. बिनतारी माउस, सेल संपला. लॅपटॉपवरचं टचपॅड काकांनी कधीच बंद करून टाकलं होतं, तळहात लागला की जागा हलते म्हणून. किल्ल्यांवरून थांबवायचं कसं ते मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

काका सेल शोधायला आत गेले. टीव्हीच्या रिमोटचे आकाराने मोठे निघाले. भिंतीवरच्या घड्याळात बघितले, देवघरातल्या दिव्याच्या माळेत बघितले, मग जिना उतरून वाण्याकडे गेले. रविवार असल्यामुळे पलीकडच्या वाण्याकडे. इकडे बुवा रिषभावर होते. जोशींनी आधी मोबाइल काढला, मग उलटा करून ठेवला. बाहेर उजेड मावळतीचाच होता. बुवा धैवतावर आले, खाली वळले, आता षड्ज देणार म्हणून मी श्वास धरला आणि ते बाजूने निघून गेले. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. काकूंच्या हातात एक शेंग कधीपासून तशीच अर्धी सोललेली होती.

काका सेल घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा बुवा पुन्हा एकदा रिषभावर येऊन थांबले होते. आणि फितीतून, अगदी माइकजवळून, एका तरुण माणसाचा खणखणीत आवाज आला:

"आता ऐका. आता येईल बघा!"

त्यावर दुसरा आवाज, दबका आणि संतापलेला: "गप्प बसा हो!"

आणि षड्ज आला.

त्याबद्दल मी काही लिहीत नाही. जोशी चष्मा पुसत राहिले, एवढं सांगतो.

पहिल्यांदा काकाच बोलले. "कोण हा गाढव?" त्यांच्या हातातला सेल थरथरत होता. "एवढी सोन्यासारखी जागा, आणि याला आत्ताच तोंड उघडायचं होतं? बैठकीला येतात कशाला असली माणसं!"

काकूंनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली. "अहो, आवाज ओळखला नाहीत?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच आहात. आणि गप्प बसा म्हणाले ते आमचे बाबा. मी त्यांच्या मागेच बसले होते. घरी जाताना रस्ताभर तुमच्याबद्दलच बोलत होते."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी माउसमध्ये सेल घातला, उलटा घातला, काढून पुन्हा घातला, आणि षड्जाच्या अलीकडची ती दोन टेकाडं पडद्यावर मोठी करून बराच वेळ बघत बसले.

सोमवारी सकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं. हातात वही होती. एका आवाजातून दुसरा आवाज उचलून काढता येतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अवघड आहे, पण हल्ली काही प्रमाणात जमतं. दोन्ही वाक्यं काढायची ना?

"दोन्ही कशाला?" काका म्हणाले. "पहिलं राहू दे. ते बरोबरच होतं की, आला ना षड्ज! फक्त सासऱ्यांचं तेवढं काढायचं."